बाळाला डाउन सिंड्रोम असल्याचा रिपोर्ट आला, आम्ही पुढे जायचं ठरवलंय. खानदेशात कुणी या वाटेवर आहे का?

रावेरची_लेक

नमस्कार. पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी लिहिते, एरवी वाचनमात्र. घरचं काही इथे लिहायची ही पहिलीच वेळ. घरात ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी बोलून झालंय, आता बाहेरच्यांशी बोलावंसं वाटतंय.

वय ३४, पहिली मुलगी सहा वर्षांची. दुसऱ्यांदा दिवस गेले. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी, एनटी म्हणतात ती, ३.६ मिलिमीटर निघाली. डबल मार्कर नावाच्या रक्ततपासणीत १:३८, म्हणजे ३८ त एक शक्यता. मग एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेतात ती तपासणी, त्यात 'हाय रिस्क'. मग रात्रीच्या गाडीने मुंबई आणि अम्निओ, म्हणजे पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढतात ते. फिशचा, म्हणजे त्याच पाण्याच्या झटपट तपासणीचा, निरोप चार दिवसांत आला होता, पण मी पूर्ण रिपोर्टवर अडून बसले होते. त्यात काहीतरी वेगळं निघेल असं उगाच वाटत होतं.

तो आला एका शनिवारी दुपारी. शेतात भरीत पार्टी होती, नणंदेकडचे पाहुणे आलेले. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकली होती आणि मी सालं काढत होते. दोन्ही हात काळे, चिकट. माझा फोन वाजला तो ह्यांनी उचलला, पीडीएफ उघडली. एकदा वरून खाली पाहिलं, परत वर गेले, परत खाली. मग फोन खिशात घातला आणि बडगीसमोर बसून मिरच्या ठेचायला लागले. लग्नाला दहा वर्षं झाली, ह्यांना मिरच्या ठेचताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिथंच कळलं.

ट्रायसोमी २१. डाउन सिंड्रोम.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, सोमवारी उपाशीपोटी या. मी विचारलं, बाळाला नेमकं काय काय होऊ शकतं? उत्तर मिळालं, 'अजून वय आहे तुमचं.' सोमवारी आम्ही गेलो नाही.

घरात विचाराल तर सासूबाई म्हणतात, तिसऱ्या महिन्यात ग्रहण होतं आणि तू विळीवर बसली होतीस. जेठाणी म्हणते, पोरीला पुढे स्थळं येतील का, त्याचा विचार करा. हे काहीच म्हणत नव्हते. तिसऱ्या रात्री म्हणाले, 'तुला जमेल असं वाटत असेल तर मला जमेल.' मी म्हटलं, मला जमेल का ते मलाच माहीत नाही, पण सोमवारी उपाशीपोटी जाणं मला जमणार नाही. एवढंच ठरलं आणि तेच ठरलं.

म्हणून हा धागा 'ठेवू की नको' विचारायला काढलेला नाही. विसावा आठवडा चालू आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणाच्या घरी असं मूल आहे का? बाळ येण्याआधी काय करून ठेवायचं? शाळेचं काय? खर्चाचं काय? आणि एक विनंती. 'देवाचं लेकरू', 'देवानं तुला निवडलं' असं लिहू नका. पंधरा दिवसांत फार ऐकलं. ते कुणी म्हटलं की मला पुढचा प्रश्नच विचारता येत नाही.

शिरपूरची_मावशी

भ्यू नको माय. मी शे ना आठे.

आता सगळ्यांना कळेल असं लिहिते. ३१ वर्षं आरोग्यसेविका होते, सातपुड्याच्या पायथ्याशी उपकेंद्रावर. अशी लेकरं तेव्हाही होती, फक्त नाव माहीत नव्हतं. गावात 'भोळं' म्हणत. बरीचशी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच न्यूमोनियाने जायची आणि आम्ही नोंदवहीत 'न्यूमोनिया' लिहून मोकळे व्हायचो. त्यातल्या किती जणांच्या हृदयाला भोक होतं, कुणी पाहिलं? आता निवृत्तीनंतर ते चेहरे आठवतात.

तुन्ही सासूले सांग, विळीनं काही व्हत नही. मी तीन बाळंतपणांत ग्रहणात भाकरी थापल्या, ड्युटी केली. तिन्ही पोरं धडधाकट आहेत, आणि तिन्ही माझं ऐकत नाहीत.

स्टेथो

मूळचा धुळ्याचा, आता पुण्यात बालरोग विभागात आहे. इथे कुणाला तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारणच लिहितो.

आधी ग्रहण. बीज तयार होताना २१ व्या गुणसूत्राची जोडी वेगळी व्हायची ती होत नाही आणि एक गुणसूत्र जास्तीचं जातं. म्हणजे ही गोष्ट गर्भ राहण्याआधीच घडून गेलेली असते. तिसऱ्या महिन्यातलं ग्रहण, विळी, पपई, प्रवास, भांडण, सगळं त्याच्यानंतरचं. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते: पंचविशीत साधारण १२५० त एक, ३५ व्या वर्षी ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. तरी अशी बरीच मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात, कारण मुळात मुलं त्याच वयात जास्त होतात. नात्यातल्या लग्नाशीही याचा संबंध नाही.

मग जेठाणींचा मुद्दा. रिपोर्टात 'फ्री ट्रायसोमी' (जास्तीचं गुणसूत्र सुटं) असेल, आणि ९५ टक्के वेळा तेच असतं, तर तुमच्या मुलीच्या पुढच्या बाळांना यामुळे जास्तीचा धोका नाही. तीन-चार टक्क्यांत 'ट्रान्सलोकेशन' असतं, म्हणजे ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तेव्हा मात्र आईवडिलांचीही गुणसूत्रं तपासावी लागतात. रिपोर्टात कोणता शब्द आहे ते पाहा.

आता कामाचं. जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. त्यासाठी फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या, साधारण १८ ते २४ आठवड्यांत, मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून. साधी सोनोग्राफी त्याच्या जागी चालत नाही. मोठा दोष असेल तर बाळंतपण कुठे करायचं हेच त्यावर ठरतं. आतड्याचा वरचा भाग बंद असणं हा दुसरा दोष. तो काही वेळा सातव्या-आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दिसतो आणि जन्मल्यावर लगेच शस्त्रक्रिया लागते. म्हणून बाळंतपण जिथे नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आहे तिथेच करा. घरापासून जवळ आहे म्हणून लहान दवाखाना धरू नका.

जन्मल्यावर थायरॉईड, ऐकण्याची तपासणी, डोळे आणि रक्ताची मोजणी. थायरॉईड नंतर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी. हे कुणी आपणहून आठवण करून देणार नाही, तुम्हालाच वही ठेवावी लागेल.

आणि एक. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या माणसांचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं. आज ६० च्या आसपास आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि या मुलांना संस्थांत टाकून देणं थांबलं, हे त्यामागचं मोठं कारण.

धुळ्याची_नवी_आई

ताई, धाग्यात घुसतेय, माफ करा. माझा डबल मार्कर १:१९० आलाय. माझ्या बाळालाही आहे का? दोन दिवस जेवले नाही.

स्टेथो

आधी जेवा. १:१९० म्हणजे तुमच्यासारख्या १९० जणींमध्ये एकीच्या बाळाला असेल, १८९ जणींच्या नसेल. डबल मार्कर, क्वाड्रपल, एनआयपीटी या सगळ्या चाळण्या आहेत. निदान फक्त कोरिऑनिक व्हिलस (वारेचा बारीक तुकडा काढून तपासतात ते) किंवा अम्निओने होतं. एनआयपीटी चांगली चाळणी आहे, शंभरातल्या ९९ केसेस पकडते, तरीही चाळणीच. नुसत्या त्या कागदावर कुणी गर्भपात सुचवला तर उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

खान्देशी_तडका

रावेरताई, रिपोर्टात ४७ च्या पुढे एक्सएक्स आहे की एक्सवाय?

संपादक

हा प्रश्न इथे नको. भारतात असे रिपोर्ट लिंग झाकूनच देतात. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे आणि आपल्या भागात तो का लागला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुन्हा विचारल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

तापीकाठचा

कुणीतरी वाईट व्हायला हवं, तर मी होतो.

माझा मोठा भाऊ डाउनचा आहे. जन्म १९७८ चा, घरीच. वडील त्याला बैलगाडीत घालून कापूस केंद्रावर न्यायचे. तो पोत्यांवर बसून राहायचा, येणाराजाणारा त्याला गुडदाणी द्यायचा. लहानपण त्याचं चांगलंच गेलं. मला त्याच्यावरून शाळेत चिडवायचे, मी मारामाऱ्या करायचो. ते चालायचंच.

वडील गेले. मग २०१४ ला आई गेली. जाताना तिने त्याचा हात माझ्या हातात दिला. मला विचारलं नाही. मोठ्या बहिणीला विचारलं नाही, माझ्या बायकोला तर नाहीच नाही. बायकोने सगळं केलं, अजून करते. पण आम्ही दोघं मिळून कुठल्या लग्नाला गेलेलो नाही. एक जण घरी थांबतो. माझी बदली झाली ती मी घेतली नाही, बढती गेली. गेल्या दोन वर्षांपासून तो वाट विसरायला लागलाय. न्हाणीघर कुठे आहे ते विसरतो. ज्या घरात जन्मला त्याच घरातलं न्हाणीघर.

तुम्ही ठरवलंय ते ठरवलंय, तुमचा निर्णय बदलायला मी आलेलो नाही. पण इथे सगळे पहिल्या पाच वर्षांचं बोलताहेत. मी पंचेचाळिशीनंतरचं बोलतोय. तुमची मुलगी आज सहा वर्षांची आहे. तिला कुणी विचारलं?

स्टेथो

तापीकाठचे, तुमच्या भावाला एकदा न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. अल्झायमरशी जोडलेलं एक जनुक २१ व्या गुणसूत्रावरच आहे. त्याच्या दोनऐवजी तीन प्रती असल्यामुळे या माणसांना तो आजार चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. पण नेताना थायरॉईड आणि ऐकू येणंही तपासा. कधीकधी विसरणं वाटतं ते थायरॉईड असतं आणि गोळीने बरंच सुधारतं.

रावेरची_लेक

तापीकाठचे दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'तिला कुणी विचारलं' याचं उत्तर माझ्याकडे नाही. सहा वर्षांच्या पोरीला काय विचारणार? आणि सव्विसाव्या वर्षी विचारेपर्यंत तर भाऊ किंवा बहीण असणारच.

पण त्या रात्री आम्ही पहिल्यांदा पैशांवर बोललो. साडेचार एकर केळी आहे. त्यातलं किती कुणाच्या नावे, आणि पोरीच्या माथी न मारता ते कसं करता येतं, हे कुणाला तरी विचारायला हवं असं ठरलं. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही नावं शोधत बसलो असतो.

वहिनींना नमस्कार सांगा.

निनावी_७

माझी वाट दुसरी होती. चार वर्षांपूर्वी हाच रिपोर्ट आला आणि आम्ही थांबवलं. बाळाच्या हृदयाचा मोठा दोष होता, नवऱ्याची नोकरी कंत्राटी होती, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. कारणं सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण लोक मागतातच.

मी हे वाटेत थांबलेल्या इतरांसाठी लिहितेय. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही की घाई नाही. कायदा २०२१ मध्ये बदलला. आता गर्भात गंभीर दोष असल्याचं मेडिकल बोर्डाने ठरवलं तर २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. म्हणजे 'आजच्या आज ठरवा' म्हणणाऱ्याला आठवडाभर थांबवता येतं. आणि सज्ञान बाईच्या बाबतीत कायद्याला फक्त तिची संमती लागते. सही नवऱ्याची नाही, सासूची नाही. ठेवायलाही कुणी भाग पाडू शकत नाही आणि काढायलाही.

रावेरताई, तुमचं वाचून मला वाईट वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

रावेरची_लेक

तुम्ही लिहिलंत, फार बरं झालं. तुमच्या जागी मी असते आणि हृदयाचा रिपोर्ट तसा असता तर काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

आयुर्वेद_भूषण

नाशिकजवळ एक वैद्य आहेत. गर्भसंस्कार आणि सुवर्णप्राशनाने गुणसूत्रदोष नाहीसा झाल्याचे अनुभव आहेत. नंबर हवा असल्यास कळवा.

स्टेथो

अंगातल्या बहुतेक सगळ्या पेशींत ते गुणसूत्र असतं. ते काढणारं औषध कुठेही नाही. आयुर्वेदात नाही, ॲलोपॅथीत नाही. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेणारेही भेटतील, त्यांनाही हेच सांगायचं.

शिरपूरची_मावशी

भूषणभाऊ, पह्यले आपला सोताना चष्मा ना नंबर घालाडा त्या वैद्यकडथून. मंग पाहू.

अमळनेरचा_बाप

चार दिवस लिहू की नको करत होतो. मुलगी १७ वर्षांची आहे. आम्हाला जन्मानंतर कळलं, तेही तिसऱ्या दिवशी, आणि तेही असं: डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, बाईंना इतक्यात सांगू नका. मी पाच दिवस बायकोपासून लपवलं. सतरा वर्षं झाली, ते पाच दिवस तिने अजून मला माफ केलेले नाहीत. तुम्हा दोघांना एकाच वेळी कळलं, हे फार चांगलं झालं.

पाचव्या महिन्यात मुंबईला हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आम्ही धर्मशाळेत राहिलो, सोळा दिवस. त्या आधी दूध ओढताना तिला घाम फुटायचा, दोन घोट घेतले की झोपायची. बायको तिची हनुवटी एका बोटाने वर धरून पाजायची, एकेका वेळेला तास-तास. दूध येत नाही म्हणून बाटली सुरू करा असं सगळे म्हणत होते. शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा दिवसांत ती स्वतः ओढायला लागली.

अकराव्या महिन्यात बसली. चालली दोन वर्षं तीन महिन्यांनी. आमच्या आईने नवस बोलून ठेवले होते. ते फेडता फेडता तिचीच पावलं दुखली. बोलणं फार उशिरा. अजूनही परक्याला निम्मं कळतं. फिजिओथेरपी लवकर सुरू करा, पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. अंग अगदी सैल असतं, ओल्या कणकेसारखं, उचलताना हातातून निसटेल असं वाटतं. कोलांट्या मारू देऊ नका. मानेच्या वरच्या मणक्यांचं डॉक्टरांकडून बघून घ्या. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ती सात वर्षं कोलांट्या मारत होती.

तिसरीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. पहिल्या बाई फार चांगल्या. दुसऱ्या गुरुजींनी तिला वर्षभर दाराजवळ बसवलं, बाकीच्या पोरांना 'डिस्टर्ब' होतं म्हणून. मग विशेष शाळेत घातली. आता नाव लिहिते, घड्याळात तास कळतो, मिनिटं नाही. वीस रुपयांपर्यंत हिशोब. त्याच्यावर तिच्या लेखी सगळं 'खूप'.

उन्हाळ्यात घरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, असतात. सकाळी सहाला खाटेवर ओलं धोतर पसरायचं आणि थापलेला बिबडा त्यावर टाकायचा, हे तिचं काम. एका ओळीत सातच टाकते. आठवा टाकायला जागा असली तरी नाही. सात का, विचारलं तर हसते. कुणी एखादा सरकवला की ती गप्प जाऊन परत जागेवर आणते आणि सरकवणाऱ्याकडे असं बघते की पुढच्या वेळी हात लावायची छाती होत नाही. तिच्या आजीलाही.

पाळीची आम्हाला सगळ्यात जास्त भीती होती. बायकोने वर्षभर आधीपासून तयारी केली. कालनिर्णयवर स्वतःच्या तारखांना लाल ठिपके देऊन तिला दाखवायची, बाहुलीला पॅड लावून दाखवायची. आली तेव्हा हिने कपाट उघडलं, पॅड घेतलं आणि ठिपका द्यायला कॅलेंडरकडे गेली. शेजारच्या तिच्याच वयाच्या पोरीने त्यापेक्षा जास्त गोंधळ घातला होता.

वाईट पण सांगतो. दोनदा हरवली. एकदा बाजारात, तीन तास. उसाच्या रसाच्या गाड्यावर सापडली, चार ग्लास पिऊन बसलेली. त्या तीन तासांत माझे जे व्हायचे ते झाले. लग्नांत आम्हाला कोपऱ्यातली खुर्ची मिळते. साखरपुड्याला बोलवायचं विसरतात. माझ्या धाकट्या मुलाने दहावीत एकदा मित्रांना सांगितलं की तो एकुलता एक आहे. मला कळलं, मी काही बोललो नाही. तापीकाठच्यांनी जे लिहिलंय ते मी रोज रात्री मोजतो. ते खोटं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गल्लीत लिंबाला झोका बांधतात. माहेरवाशिणी येतात, गाणी म्हणतात. हिला गाणी सगळी पाठ. शब्द नाहीत, चाल. झोका घ्यायचा क्रम तीच लावते आणि पंचवीस-तीस वर्षांच्या बायका निमूट रांगेत उभ्या राहतात.

जळगावला फिजिओथेरपीसाठी चांगल्या बाई आहेत, नाव-नंबर व्यनित देतो. एखाद्या रविवारी भाजी-भाकरीला या. सासूबाईंनाही आणा. माझी आई आता ८१ ची आहे, ग्रहणाचा अध्याय तिने आमच्या घरी पूर्ण वाचलाय. दोघी बोलतील.

नंदुरबारचा_कारकून

भावनेचं मला जमत नाही, कागदांचं सांगतो. दिव्यांगांच्या कामाचं टेबल काही वर्षं सांभाळलंय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. शून्य ते १८ वयाच्या मुलांसाठी, आणि त्यांच्या यादीत डाउन सिंड्रोम नावानिशी आहे. जिल्हा रुग्णालयात त्यांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी. बाळ जन्मल्यावर तिथे नोंद करा. हृदयाची शस्त्रक्रिया लागली तर याच रस्त्याने किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बघायचं. आधी खाजगीत पैसे भरून मग योजना शोधू नका, परत मिळवताना चपला झिजतात.

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. लहान वयात प्रमाणपत्र तात्पुरतं मिळतं, पुढे नव्याने करावं लागतं. एसटीच्या तिकिटातली ७५ टक्के सवलत, संजय गांधी निराधार योजना, सगळं त्या कार्डावर. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत, बाह्यरुग्ण तपासण्या आणि थेरपीही बसते. खाजगी विमा कंपनीचा एजंट हो म्हणेल, दाव्याच्या वेळी कंपनी नाही म्हणेल. त्यापेक्षा हे घ्या.

शाळा नाही म्हणाली तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, साधी शाळा किंवा विशेष, तुमची पसंती.

तापीकाठचे, तुमच्यासाठी. १८ नंतर आईवडील किंवा भाऊ आपोआप कायदेशीर पालक नसतात. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, जिल्हाधिकारी त्या समितीत असतात. तुम्ही केलाय का? नसेल तर भावाच्या नावचं पेन्शन, जमीन, बँक, सगळं अडकेल.

तापीकाठचा

केलेला नाही. व्यनि करतो.

रावेरची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय.

डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, 'तुमचं काय ठरलंय?' मी सांगितलं. 'बरं' म्हणाल्या आणि फाईलवर लिहिलं. एवढंच. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले.

रिपोर्टात फ्री ट्रायसोमीच आहे. जेठाणीला सांगितलं. ती म्हणाली, मी तसं म्हटलंच नव्हतं.

फीटल इको झाला. डॉक्टरांनी चाळीस मिनिटं बघितलं, मधे एक शब्द नाही. मी छतावरच्या पंख्याची पाती मोजत होते, तीनच होती. खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला एक लहान भोक आहे. कदाचित आपोआप बुजेल, कदाचित नाही, जन्मल्यावर परत बघायचं. बाळंतपण जळगावला, बाळांचा अतिदक्षता विभाग आहे तिथे. डीईआयसीचं ह्यांनी जाऊन विचारून ठेवलंय.

अमळनेरला जाऊन आलो. बिबड्यांचा मोसम नव्हता, पण लेकीने आमच्या पोरीला समोर बसवून शेंगा सोलायला लावल्या, सात-सातचे ढीग. आमची म्हणाली, आई, ही ताई चुकू देत नाही. आज्जी आणि सासूबाई आतल्या खोलीत दोन तास बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही. परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, 'त्या पोरीनं मले पानी देल्लं, न मागता. आपल्या घरात कोन देतं?' आणि जेठाणीकडे पाहिलं.

काल बघते तर सासऱ्यांची जुनी धोतरं ट्रंकेतून काढून फाडायला बसल्या होत्या, दुपट्यांसाठी. तारीख आखाजीच्या आसपासची आहे. म्हणतात, सांजोऱ्या मी आधीच करून ठेवते, तू दवाखान्याचं पाय.

आता माझा प्रश्न. ऐकण्याची तपासणी दवाखान्यातून सुट्टी मिळण्याआधी करून मागायची की नंतर वेगळं जायचं?

स्टेथो

सुट्टीच्या आधी मागा. पहिली तपासणी दोन मिनिटांची असते, बाळ झोपलेलं असताना होते. त्यात पास झालं तरी सहा महिन्यांनी परत.

शिरपूरची_मावशी

धोतर जुनं शे ना, ते पह्यले गरम पानीमा उकळी ल्या, मंग उनमा वाळाडा. आनि नाळ पडस तोलगून तिले हळद, राख, तेल काहीच लावू नका. सासूले सांग, मावशीनी सांगेल शे.